साखळीवरची मोटार

मोटारींच्या इतिहासात मोठ्या कारखानदारांची नावे सर्वतोमुखी असतात. फोर्ड, ऑस्टिन, मॉरिस ही नावे ज्यांनी आयुष्यात एकदाही सुकाणूचक्र हाती धरलेले नाही त्यांनाही परिचित आहेत. परंतु कोणतीही विद्या केवळ यशस्वी माणसांच्या हातून वाढत नाही. काही माणसे एखादी कल्पना उत्साहाने हाती घेतात, ती एका टोकापर्यंत नेऊन पाहतात, आणि व्यवहारात त्यांचा पराभव होतो. त्यांची दुकाने बंद होतात. पण त्यांनी काढलेल्या वाटा बुजत नाहीत. इंग्लंडमधील ‘जी. एन.’ या नावाच्या छोट्या मोटारीची हकीकत अशाच प्रकारची आहे. १९१० साली ती जन्मास आली, १९२३ च्या सुमारास तिचा व्यापार आटोपला, आणि त्यातलीही चार वर्षे पहिल्या महायुद्धाने खाऊन टाकली. म्हणजे तिला खरे आयुष्य असे आठ-नऊ वर्षांचेच लाभले. एवढ्या अल्पायुषी वस्तूविषयी शंभर वर्षांनंतर बोलावे असे तिच्यात काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

१९१० सालच्या इंग्लंडची श्रोत्यांनी क्षणभर कल्पना करावी. त्या वेळी मोटार ही श्रीमंतांची वस्तू होती. ती जड असे, तिला पेट्रोल व टायर पुष्कळ लागत, आणि बहुधा तिच्या दिमतीला पगारी सारथीही ठेवावा लागे. दुसऱ्या बाजूला मोटारसायकल होती. ती स्वस्त होती खरी, पण पावसात भिजवणारी, धुळीत माखवणारी, आणि शेजारी कोणाला बसवावयाचे म्हटले तर अडचणीची. या दोहोंच्या मध्ये एक मोठी पोकळी होती. कारकून, शाळामास्तर, नवशिके डॉक्टर, यंत्रशाळेतले उमेदवार अशा हजारो लोकांना चार चाकांची गाडी हवी होती. परंतु बाजारात त्यांच्या ऐपतीची गाडी नव्हती. फ्रान्समध्ये त्याच वर्षी बुर्बो आणि देव्हो या दोन तरुणांनी ‘बेदेलिया’ नावाची एक अरुंद गाडी काढली. तीत दोघे जण एकामागे एक असे होडीतल्याप्रमाणे बसत. इंग्लंडमध्येही दोन तरुणांच्या डोक्यात तोच विचार घोळत होता.

हेन्‍री रोनाल्ड गॉडफ्रे आणि आर्चिबाल्ड फ्रेझर-नॅश अशी त्यांची नावे. गॉडफ्रेचा जन्म १८८७ चा व नॅशचा १८८९ चा. म्हणजे दोघेही ऐन विशीतले. लंडनच्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात त्यांची ओळख झाली, आणि पुढे रग्बी येथील विलन्स अँड रॉबिन्सन या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्यात दोघांनी उमेदवारी केली. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, कारखाना नव्हता. होते ते शिकलेले हात आणि नॅशच्या घरचा तबेला. लंडनच्या वायव्येस हेंडन येथे असलेल्या या तबेल्यात, जेथे पूर्वी घोडे बांधले जात होते तेथे, त्यांची पहिली गाडी तयार झाली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन तिला ‘जी. एन.’ असे नाव मिळाले.

ही पहिली गाडी आजच्या दृष्टीने पाहिली तर खेळण्यासारखी वाटेल. तिचा सांगाडा लोखंडाचा नव्हता. तो अ‍ॅश नावाच्या चिवट व लवचिक लाकडाचा होता. बैलगाडीच्या साट्याला सुतार जसे कोणते लाकूड कोठे घालावे याचा विचार करतो, तसाच विचार येथेही होता. पुढे दोन सिलिंडरांचे, मोटारसायकलीच्या जातीचे यंत्र बसविले होते. आरंभी ती यंत्रे बाहेरून विकत घेतलेली असत. लवकरच दोघांनी स्वतःचे यंत्र तयार केले. गाडी वळविण्याची तऱ्हा तर फारच साधी होती. सुकाणूच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक रीळ बसविलेले असे आणि त्यावर तारेचे वेढे घातलेले असत. विहिरीच्या रहाटावर दोर जसा एका बाजूने गुंडाळतो आणि दुसऱ्या बाजूने सुटतो, तशी ती तार चक्र फिरविताच एकीकडे ओढली जाई व दुसरीकडे सैल होई, आणि पुढची चाके वळत. यंत्राची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेण्याचे शेवटचे काम पट्टे करीत. पावसाळी हवेत हे पट्टे भिजत, घसरत, आणि चालकाला खाली उतरून त्यांची समजूत काढावी लागे. पण गाडी हलकी होती, चपळ होती, आणि ती बिघडली तर तिचा मालक ती रस्त्याच्या कडेला स्वतः दुरुस्त करू शकत असे.

अशा गाड्या करणारे केवळ हे दोघेच नव्हते. दोन वर्षांच्या आत इंग्लंड व फ्रान्समध्ये या छोट्या गाड्यांचे जणू पीक आले. त्यांना ‘सायकलकार’ असे नाव पडले, आणि लंडनमध्ये १९१२ साली त्याच नावाचे एक साप्ताहिकही निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मोटारसायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघाने सायकलकार कशाला म्हणावे याची व्याख्या ठरविली. यंत्र ११०० घनसेंटिमीटरांपेक्षा मोठे नसावे, आणि गाडीचे वजन ३५० किलोग्रॅमच्या वर जाऊ नये, अशा तिच्या मुख्य अटी होत्या. ३५० किलोग्रॅम म्हणजे पाच धट्ट्याकट्ट्या माणसांचे वजन! एवढ्या वजनात चार चाके, यंत्र, सांगाडा आणि बैठक हे सारे बसवावयाचे. या धांदलीत पुष्कळ बनवेगिरीही झाली. सुतारकाम न जाणणाऱ्यांनी लाकडी सांगाडे केले, यंत्रविद्या न जाणणाऱ्यांनी यंत्रे जोडली, आणि गिऱ्हाइकांचे हाल झाले. जी. एन. या गर्दीत टिकली, कारण तिचे निर्माते आपली गाडी स्वतः चालवीत, स्वतः शर्यतीत उतरवीत, आणि जे मोडे ते सुधारीत. कागदावरच्या आकृतीपेक्षा चढाच्या रस्त्यावर त्यांचा अधिक विश्वास होता.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि खासगी गाड्यांचे काम थंडावले. नॅश सैन्याच्या विमानदलात गेला व कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला. युद्ध संपले तेव्हा इंग्लंडमध्ये एक चमत्कारिक परिस्थिती उत्पन्न झाली होती. हजारो तरुण रणांगणावरून परत आले होते. त्यांच्या हाती सैन्यातून सुटताना मिळालेला थोडाफार पैसा होता. त्यांपैकी अनेकांनी युद्धात लष्करी लॉऱ्या, मोटारसायकली किंवा विमाने हाताळलेली असल्याने यंत्राची भीती त्यांच्या मनातून गेली होती. आणि चार वर्षांत देशात नव्या गाड्या जवळजवळ तयारच झाल्या नव्हत्या! साहजिकच ज्याच्यापाशी विकावयास गाडी असेल त्याच्या दारात रांग लागली. १९१९ साली ब्रिटिश ग्रेग्वार या कंपनीने जी. एन. चा धंदा घेतला, आणि लंडनच्या दक्षिण भागात वॉण्ड्सवर्थ येथे मोठ्या जागेत गाड्या तयार होऊ लागल्या. लाकडी सांगाड्याची जागा पोलादी सांगाड्याने घेतली, पट्टे जाऊन सर्वत्र साखळ्या आल्या. फ्रान्समध्ये सालमसन नावाच्या कारखान्यालाही युद्ध संपल्याने विमानयंत्रांची मागणी बंद पडल्यामुळे नवे काम हवे होते. त्याने जी. एन. बनविण्याचा परवाना घेतला आणि पॅरिसजवळ तीच गाडी फ्रेंच हातांनी तयार होऊ लागली. पुढे याच सालमसनने स्वतःच्या रचनेच्या गाड्या काढून छोट्या गाड्यांच्या शर्यतीत नाव मिळविले. तबेल्यात जन्मलेल्या कल्पनेने दहा वर्षांत समुद्र ओलांडला होता.

युद्धोत्तर जी. एन. ची रचना थोडी तपशिलाने समजून घेतली पाहिजे, कारण तिचे भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही त्या रचनेत होते. तिच्या यंत्राला दोनच सिलिंडर होते आणि ते एकमेकांशी काटकोन करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे बसविलेले होते. यंत्राचे आकारमान १०८७ घनसेंटिमीटर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या जरा आत. सिलिंडरांची डोकी बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी, बैलाची शिंगे निघावीत तशी बाहेर आलेली असत. त्यामुळे समोरून येणारा वारा त्यांना थंड ठेवी. पाणी नको, पाण्याची टाकी नको, नळ्या नकोत. तेवढे वजन कमी. यंत्राचा फिरता दांडा क्लचमधून मागे येई आणि दातेरी चाकांच्या एका पेटीत त्याची दिशा काटकोनात बदलून तो एका आडव्या दांड्याला फिरवी. या आडव्या दांड्यावर लहानमोठी दंतचक्रे एका रांगेत बसविलेली असत, आणि प्रत्येक दंतचक्रावरून एक साखळी निघून मागच्या आसावरील जोडीदार दंतचक्रावर जाई. सायकलच्या मागच्या व पुढच्या चक्रांचा आकार बदलला की पाय मारण्याचा जोर आणि वेग यांचे प्रमाण बदलते, हे प्रत्येक सायकलस्वाराला ठाऊक आहे. येथे तीच युक्ती होती. पहिल्या गतीला एक साखळी, दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी, आणि मागे जाण्यासाठी निराळी. सर्व साखळ्या एकाच वेळी चक्रांवर चढलेल्या असत. परंतु ज्या गतीचा दातेरी जोड चालक खोचून अडकवी, तेवढ्याच साखळीतून शक्ती वाहत असे.

सामान्य मोटारीत गिअरची जड पेटी असते, तेलात बुडालेली दातेरी चाके असतात, आणि गती बदलताना ती खरखरतात. जी. एन. मध्ये ही सारी पेटीच नव्हती. जोड खटकन अडकत असे, आणि हात बसलेल्या चालकाला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गती बदलता येत असे. डोंगराळ भागात जावयाचे असेल तर एखादे दंतचक्र काढून दुसऱ्या आकाराचे घातले की काम झाले. एक साखळी तुटली तरी दुसऱ्या गतीवर घरी पोहोचता येई. उलट बाजूही होती. साखळ्या उघड्या, गाडीच्या खाली धुळीत व चिखलात फिरत. त्यांना वारंवार तेल घालावे लागे, ताण पाहावा लागे, आणि त्यांचा आवाज तर कधीच थांबत नसे.

आणखी एक विशेष म्हणजे या गाडीला डिफरन्शियल नव्हते. गाडी वळताना बाहेरच्या अंगाचे चाक लांबचा फेरा घेते व आतल्या अंगाचे जवळचा. म्हणून इतर गाड्यांत मागच्या दोन चाकांना कमीअधिक फिरण्याची मुभा देणारी एक यंत्ररचना असते. तिलाच डिफरन्शियल म्हणतात. गॉडफ्रे आणि नॅश यांनी ती सरळ काढून टाकली आणि दोन्ही चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसविली. मागची चाके त्यांनी पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ घेतली, आणि गाडी मुळात हलकी असल्याने वळणावर टायर थोडे घासत याचे फारसे काही वाटत नसे. त्याच्या बदल्यात एक लाभ झाला. निसरड्या चढावर साध्या गाडीचे एक चाक भुईवरून सुटून नुसते गरगरते आणि गाडी अडून राहते, जी. एन. ची दोन्ही चाके एकदमच रस्ता धरीत. चिखलाच्या आणि सुट्या खडीच्या टेकड्यांवर मोठमोठ्या गाड्या हतबल होत तेथे ही छोटी गाडी खडखडत वर निघून जाई.

शर्यतीच्या क्षेत्रात तिचे नाव झाले ते यामुळेच. सरे परगण्यात ब्रुकलंड्स येथे १९०७ पासून शर्यतींचा प्रचंड गोल रस्ता होता. तेथे १९२१ साली लहान गाड्यांसाठी २०० मैलांची शर्यत झाली, आणि ११०० घनसेंटिमीटरांच्या वर्गात स्वतः फ्रेझर-नॅशने जी. एन. चालवून पहिला क्रमांक मिळविला. या शर्यतीच्या गाड्यांची नावे मराठी श्रोत्यांना विशेष ओळखीची वाटतील. एका गाडीचे नाव ‘किम’, दुसरीचे ‘मोगली’ आणि तिसरीचे ‘अकेला’. ही तिन्ही नावे रुडयार्ड किपलिंगच्या कथांतून उचललेली आहेत. हा किपलिंग १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. त्याचे वडील त्या शाळेत शिक्षक होते. अकेला हा त्याच्या अरण्यकथेतील लांडग्यांचा नायक आणि मोगली हा त्या कळपात वाढलेला माणसाचा पोर. मोठ्या, पोसलेल्या मोटारींच्या जगात अर्धनग्न अंगाने पळणाऱ्या या गाड्यांना दुसरी कोणतीही नावे इतकी शोभली नसती.

एवढे सारे अनुकूल असताना हा धंदा बुडाला का?

पहिले कारण देशाच्या आर्थिक स्थितीत होते. युद्धानंतरची तेजी १९२० च्या अखेरीस ओसरली. सैनिकांचा पैसा संपला, बेकारी वाढली, आणि ज्यांनी गाड्या मागविल्या होत्या त्यांनी मागण्या रद्द केल्या. १९२१ च्या फेब्रुवारीत विल्यम मॉरिसने आपल्या गाडीची किंमत एकदम ५२५ पौंडांवरून ४२५ पौंडांवर आणली, आणि मग किमती उतरविण्याची चढाओढच लागली. ज्यांची ऐपत बेताची होती त्या कारखान्यांचे कंबरडे मोडले. त्याच वर्षी जी. एन. कंपनीवर कर्जवसुलीसाठी व्यवस्थापक नेमला गेला आणि ती नव्या मालकाच्या हाती गेली.

दुसरे कारण थोडे गुंतागुंतीचे आहे. १९२१ च्या जानेवारीपासून ब्रिटिश सरकारने मोटारींवर दर अश्वशक्तीमागे सालीना १ पौंड असा कर बसविला. ही अश्वशक्ती खरी नसून हिशेबी होती. सिलिंडराचा इंचांतील व्यास घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे. या हिशेबाने अमेरिकेच्या फोर्ड गाडीला सुमारे २३ पौंड भरावे लागत, तर जी. एन. ला ९. वरवर पाहता हा कर छोट्या गाड्यांच्या पथ्यावर पडणारा होता. परंतु ही कराची फट जी. एन. प्रमाणेच दुसऱ्या एका चतुर माणसाच्याही दृष्टीस पडली.

हा माणूस म्हणजे सर हर्बर्ट ऑस्टिन. त्याचाही मोठा कारखाना १९२१ साली कर्जात सापडला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. संकट दोघांवर सारखेच आले होते. फरक पडला तो त्यातून निघण्याच्या मार्गात. ऑस्टिनच्या संचालकांना छोट्या गाडीवर पैसा घालण्याची इच्छा नव्हती. तेव्हा त्याने स्टॅन्ली एज नावाच्या अवघ्या १८ वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या मुलाला आपल्या घरी आणले आणि लिकी ग्रेंज या आपल्या निवासस्थानीच नव्या गाडीच्या आकृत्या काढविल्या. १९२२ साली ही ‘ऑस्टिन सेव्हन’ बाजारात आली. ती वजनाने जवळजवळ सायकलकारइतकीच हलकी होती. पण तिच्यात पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरांचे छोटेसे यंत्र होते, नेहमीच्या पद्धतीची गिअरपेटी होती, डिफरन्शियल होते, आणि चारही चाकांना ब्रेक होते. कर ८ पौंड. पुढे दोन मोठी माणसे आणि मागे मुले बसू शकत. लवकरच तिची किंमत १६५ पौंडांवर आली. ती म्हणजे छोट्या मापाची, परंतु सर्वांगाने पूर्ण अशी मोटार होती. १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २ लाख ९० हजार प्रती तयार झाल्या. सायकलकारांचा सारा वर्ग तिच्यासमोर पाचोळ्यासारखा उडाला.

जी. एन. च्या नव्या चालकांनी हे वारे ओळखले आणि आपलीही गाडी त्या दिशेला वळविण्याचे ठरविले. दोन सिलिंडरांच्या जागी पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरांचे यंत्र, साखळ्यांच्या जागी दांड्याने चालणारी चाके, आणि प्रवासाला सोयीची बैठक अशी नवी योजना आली. गॉडफ्रे व फ्रेझर-नॅश यांना ती मान्य झाली नाही, आणि १९२२ साली दोघेही आपण जन्म दिलेल्या कंपनीतून बाहेर पडले. या वादात कोणाची बाजू खरी होती? व्यापाराच्या दृष्टीने मालकांचे निदान चूक नव्हते. साखळीच्या गाडीला सामान्य कुटुंबाकडून मागणी राहणार नव्हती, हे उघड होते. परंतु त्यांचा उपायही लागू पडणारा नव्हता. चार सिलिंडरांची नवी जी. एन. ऑस्टिनइतकी स्वस्त होऊ शकत नव्हती आणि जुन्या जी. एन. इतकी चपळही राहिली नाही. ज्या गिऱ्हाइकाला सोय हवी तो ऑस्टिनकडे गेला, आणि ज्याला वेगाची मौज हवी त्याला ही गाडी परकी वाटू लागली. १९२३ च्या सुमारास वॉण्ड्सवर्थचे काम थांबले.

कंपनी संपली, पण कल्पना संपली नाही. फ्रेझर-नॅशने लंडनजवळ किंग्स्टन येथे स्वतःच्या नावाची नवी कंपनी काढली, आणि तीत चार सिलिंडरांचे जोरकस यंत्र व जुन्या पद्धतीच्या साखळ्या यांची जोडी जुळविली. पुढे ही कंपनी एच. जे. ऑल्डिंग्टन आणि त्याच्या बंधूंच्या हाती गेली. ते आयझलवर्थ येथून १९३९ पर्यंत साखळीच्या ‘फ्रेझर नॅश’ गाड्या विकीत राहिले, आणि साऱ्या मिळून अशा सुमारे ३५० गाड्या झाल्या. सर्व जग गिअरपेटीकडे गेले असताना या गाड्यांचे मालक आपल्या साखळ्यांचा अभिमान बाळगीत, आणि थट्टेने लोक त्यांना ‘साखळदंडवाली टोळी’ म्हणत.

दुसरीकडे बेसिल डॅव्हनपोर्ट या हौशी चालकाने जी. एन. च्या भागांतून ‘स्पायडर’ नावाची एक गाडी स्वतः जोडली. तिला दारे नव्हती, रंगरूप नव्हते; सांगाडा, दोन सिलिंडरांचे मोठे यंत्र, चार चाके आणि चालकापुरती जागा एवढाच तिचा संसार. वुस्टरशर परगण्यातील शेल्सली वॉल्श येथे १००० यार्ड लांबीचा एक खडा चढ आहे, आणि तेथे चढण्याच्या प्रसिद्ध शर्यती होतात. १९२६ ते १९२८ या काळात डॅव्हनपोर्टने या चढावरील वेगाचा उच्चांक पुन्हा पुन्हा मोडला. ज्या गाडीचा कारखाना बंद होऊन तीन वर्षे झाली होती, तिच्या अवशेषांनी लाखमोलाच्या गाड्यांना मागे टाकावे, हे दृश्य इंग्लंडच्या हौशी मंडळींना फार भावले. आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत जी. एन. आणि तिच्यापासून जोडलेल्या गाड्या चढावर धावतात.

गॉडफ्रेने १९३६ साली हॅल्फर्ड आणि रॉबिन्स या दोघांच्या साहाय्याने ‘एच. आर. जी.’ या नावाने आणखी एक हलकी गाडी काढली. तीत साखळ्या नव्हत्या. परंतु अनावश्यक असे काहीही गाडीवर ठेवावयाचे नाही हा जुना दंडक तिनेही पाळला. १९४९ साली फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तासांच्या शर्यतीत तिने १५०० घनसेंटिमीटरांच्या वर्गात पहिला क्रमांक पटकाविला. त्या वेळी गॉडफ्रे साठीच्या घरात होता.

फ्रेझर-नॅशची बुद्धी मात्र निराळ्याच क्षेत्रात फळाला आली. १९२९ साली ग्रॅटन-थॉम्पसन याच्या भागीदारीत त्याने नॅश अँड थॉम्पसन ही कंपनी काढली आणि विमानांवरील तोफांच्या बुरुजांचे काम हाती घेतले. विमानांचा वेग वाढत गेला तसा वाऱ्याच्या माऱ्यात मशीनगन फिरविणे माणसाच्या दंडांना अशक्य होऊ लागले होते. फ्रेझर-नॅशने तेलाच्या दाबाने फिरणारा बुरूज तयार केला. आत बसलेल्या गोलंदाजाने हातातील मूठ किंचित वळविली की बुरूज त्याच्यासह फिरे. दुसऱ्या महायुद्धात वेलिंग्टन, संडरलंड आणि लॅंकेस्टर या विमानांवर हेच बुरूज होते. लॅंकेस्टरच्या शेपटीशी चार मशीनगनांचा जो बुरूज असे, तो त्याच्याच कारखान्याच्या रचनेचा. रात्रीच्या काळोखात, गोठविणाऱ्या थंडीत, त्या काचेच्या पिंजऱ्यात एकटे बसलेल्या हजारो तरुणांचे प्राण त्या यंत्राच्या बिनचूक हालचालीवर अवलंबून होते. मुठीची थोडीशी हालचाल तात्काळ आणि नेमकी यंत्रापर्यंत पोहोचली पाहिजे, ही मागणी फ्रेझर-नॅशला नवी नव्हती. चढावरच्या शर्यतीत आपल्या हलक्या गाडीकडूनही तो तेच मागत आला होता. तो १९६५ साली वारला आणि गॉडफ्रे १९६८ साली.

या साऱ्या हकीकतीतून एक गोष्ट विचार करण्याजोगी दिसते. साधेपणा हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण साधेपणा दोन प्रकारचा असतो. एक करणाऱ्याचा साधेपणा. त्यात भाग थोडे असतात, ते उघडे असतात, आणि ज्याला यंत्र कळते त्याला ते चटकन दुरुस्त करता येते. जी. एन. चा साधेपणा या जातीचा होता. तिच्या मालकाकडून ती थोडी अक्कल, थोडे तेल आणि काळे झालेले हात यांची अपेक्षा करी. दुसरा साधेपणा वापरणाऱ्याचा. त्यात आत कितीही गुंतागुंत असो, वापरणाऱ्याला तिची जाणीव होऊ नये अशी योजना असते. ऑस्टिनची गाडी या जातीची होती. तिच्यात भाग अधिक होते, परंतु सकाळी बायकामुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्या गृहस्थाला त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हते.

१९२२ साली लोकांपुढे या दोन्ही गाड्या होत्या, आणि त्यांनी दुसरी निवडली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्याला गाडी हवी असते ती कोठे तरी जाण्यासाठी हवी असते. वाटेत साखळी ताणीत बसण्यात प्रत्येकाला आनंद वाटेलच असे नाही. किंबहुना १९१० साली गॉडफ्रे आणि नॅश यांनी जो प्रश्न हाती घेतला होता, की बेताच्या मिळकतीच्या माणसाला चार चाके कशी मिळतील, त्याचे उत्तर अखेर ऑस्टिननेच पूर्ण केले. मात्र त्या प्रश्नाला उत्तर असू शकते, एवढ्या थोड्या वजनात व एवढ्या थोड्या खर्चात माणूस मोटारीत बसू शकतो, हे बारा वर्षे रस्त्यावर दाखवून लोकांचा विश्वास ज्यांनी बसविला, त्यांत हेंडनच्या तबेल्यातील त्या दोन उमेदवारांचा वाटा मोठा आहे. वाट पाडणारा आणि त्या वाटेवरून भरलेली गाडी नेणारा हे पुष्कळदा एकच नसतात. आणि दोघांचेही काम झाल्याशिवाय माल बाजारात पोहोचत नाही.